पोऽते की पोतेऽ: विहीणबाईंच्या पहिल्या फोनआधीचे चार आठवडे

माझी मावसबहीण आइंडहोव्हनला नोकरी करते. तिनं लग्न ठरवलं ते लारिसाच्या मुलाशी. लारिसा हे ग्रीसच्या थेसली भागातलं शहर, ऑलिंपस पर्वताच्या दक्षिणेकडच्या सपाट शेतीच्या मुलखातलं. मुलाच्या आईला ग्रीकखेरीज दुसरी भाषा येत नाही. मावशीला मराठी, हिंदी आणि अडल्या वेळेपुरतं इंग्रजी. दोघींनी व्हिडिओ कॉलवर बोलायचं असं मे महिन्यातल्या एका रविवारी ठरलं, आणि मावशीनं सांगून टाकलं, "मधे दुभाषी नको. विहीण माझी आहे. पहिली दहा मिनिटं मीच बोलणार."

हातात चार आठवडे होते. मी अथेन्सला दोन वर्षं काढलेली, बाजारहाट आणि बसच्या रांगेपुरतं ग्रीक येतं, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. मी पुण्यात, ती नाशिकला. रोज संध्याकाळी फोनवर वीस मिनिटं. मावशी 63 वर्षांची, माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं.

शिकवणी सुरू व्हायच्या आधीच तिनं मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून शब्द ऐकून दोनशे पानी वही अर्धी भरवली होती. सगळं देवनागरीत. मी म्हटलं, जेवढं लिहिलंयस तेवढं वाचून दाखव, मी ध्वनिमुद्रित करते. तिनं वाचलं. उच्चार छान होते. ग्रीकमधले प, त, क आपल्यासारखेच, हकार न मिसळलेले. इंग्रजीभाषकाला ते साधायला वेळ लागतो, आपल्याला आयते मिळतात. थ, द, ख हे तिकडे जरा घासून निघतात, पण तेवढं समजून घेतं समोरचं माणूस. अडचण वेगळीच होती. निम्म्याहून जास्त शब्द ग्रीक माणसाला कळले नसते, कारण आघात चुकीच्या जागी पडत होता.

मराठीत आघातानं अर्थ बदलत नाही. 'पाणी'मधल्या 'पा'वर जोर द्या नाहीतर 'णी'वर, पाणी ते पाणीच. ग्रीकमध्ये दोन किंवा जास्त अक्षरांच्या प्रत्येक शब्दात एकच अक्षर उचलून म्हणायचं असतं, आणि ते कुठलं हे शब्दाचाच भाग असतं. (उचललेल्या अक्षरानंतर मी इथे अवग्रह, म्हणजे ऽ, टाकते आहे; मावशीच्या वहीतही नंतर हीच खूण आली.) नोऽमोस म्हणजे कायदा, नोमोऽस म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग. त्झाऽमि ही खिडकीची काच, त्झामीऽ ही मशीद. पीऽनो म्हणजे पिते, पिनोऽ म्हणजे मला भूक लागली आहे. आजच्या बोलण्यात पिनाऽओ जास्त ऐकू येतं, पण पिनोऽसुद्धा कळतं. मावशीला "मी चहा पिते" हे वाक्य हवंच होतं. तिनं पहिल्या दिवशी म्हटलं ते ऐकून बाई चहासाठी भुकेनं व्याकूळ झाली आहे असं वाटलं असतं. फीऽलि ही मैत्रीण आणि फिलीऽ म्हणजे पापी, हेही तिला पहिल्याच दिवशी सांगावं लागलं. विहिणीला "माझी मैत्रीण" म्हणायला जाऊन भलतंच व्हायचं.

लिहिलेल्या ग्रीकमध्ये हे शोधावं लागत नाही. प्रत्येक अशा शब्दावर एक छोटी तिरकी रेघ असते, तिला तोऽनोस म्हणतात. जुन्या पद्धतीत तीन प्रकारच्या आघातखुणा आणि वर श्वासाच्या खुणा असत. त्या बसवल्याचं श्रेय परंपरेनं अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल, बायझॅन्टियमचा अरिस्तोफानीस याला देतात, इसवी सनापूर्वी सुमारे 200 च्या काळातलं. (नाटककार अरिस्तोफानीस वेगळा.) 1982 साली ग्रीसनं तो सगळा पसारा आवरून एकाच खुणेवर आणला. मात्र शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत छापला की ही खूणही गळते, म्हणून दुकानांच्या पाट्या वाचून आघात शिकता येत नाही. अथेन्समध्ये माझे पहिले तीन महिने त्यात गेले.

मावशी मात्र ग्रीक लिपी शिकायला राजी नव्हती. "चार आठवड्यांत बोलायचंय की बाराखडी गिरवायचीय?" तिचं बरोबर होतं, पण त्यामुळे तोऽनोस हातचा गेला आणि सगळा भार देवनागरीवर आला. तिथेच तिच्या चुकांचं मूळ होतं.

ध्वनिफीत मी तीनदा ऐकली. चुका सैरावैरा नव्हत्या. पहिली चूक शब्दाच्या शेवटच्या इकाराची. मराठी शुद्धलेखनात अंत्य इकार-उकार दीर्घ. तेहेतीस वर्षं मुलांच्या वह्यांत हेच लाल शाईनं दुरुस्त केलेल्या बाईच्या हातून 'फीलि' लिहिलं जाईल कसं? तिच्या वहीत मैत्रीण आणि पापी दोन्ही 'फीली'. लिहिलं तसं वाचलं की दोन्ही अक्षरं सारखीच लांब, ऐकणाऱ्याला कौल लावावा लागेल. मुलगी म्हणजे कोरीऽत्सि, तिच्या तोंडी 'कोरित्सीऽ'.

दुसरी चूक मला आधी उमगली नाही. 'आभारी आहे' म्हणजे एफ्खारिस्तोऽ, आघात शेवटच्या 'स्तो'वर. मावशी दर वेळी 'एफ्खारीऽस्तो' म्हणायची. दहादा सुधारलं, दहादा तेच. शेवटी तिनंच वैतागून सांगितलं, "अगं, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरूच असतं की! 'रि'च्या पुढे 'स्तो' आहे." वृत्तं शिकवणाऱ्या माणसाचा कान: आखूड अक्षर लघु, लांब ते गुरू. तिच्या डोक्यात प्रत्येक शब्दाचं लघु-गुरू आपोआप पडत होतं आणि गुरू जिथे पडेल तिथे ती जोर देत होती.

उरलेले शब्द सपाट. सगळी अक्षरं एका उंचीवर, मराठी बातम्या वाचल्यासारखी.

पहिल्या आठवड्यात मी तेच केलं जे पुस्तकं सांगतात: आघाताच्या अक्षराला टाळी. मावशीच्या टाळ्या अचूक, भजनी मंडळात टाळ वाजवते ती. पण टाळी बरोबर जागी पडायची आणि आवाज जागचा हलायचा नाही. आघात हाताला कळत होता, गळ्याला नाही. मग म्हटलं, ते अक्षर मोठ्यानं म्हण. तिनं ते ओरडून म्हटलं. शब्दाचे दोन तुकडे झाले आणि काका आतल्या खोलीतून "काय झालं?" म्हणत बाहेर आले. ग्रीक आघात नुसत्या मोठ्या आवाजाचा नसतो, ते अक्षर थोडं लांबतंही. आणि ग्रीकमध्ये आपल्यासारखा ऱ्हस्व-दीर्घ असा अर्थ बदलणारा भेद नाही, त्यामुळे लांबी आघाताच्या कामाला मोकळी आहे. म्हणजे मावशीला जे येत होतं तेच नेमकं हवं होतं, फक्त चुकीच्या जागी लागत होतं. आठ दिवस मी लघु-गुरूशी भांडत बसले. ते वाया गेले असंच म्हणीन.

दुसऱ्या आठवड्यात तिला मी एक नियम सांगितला: ग्रीक आघात शेवटच्या तीन अक्षरांच्या मागे कधी जात नाही. शब्द कितीही लांब असो, शोधायचं ते शेवटच्या तिघांतच. पलीकडे दोन क्षण शांतता. मग मावशी म्हणाली, "तीन अक्षरं, त्यात एक गुरू आणि दोन लघु. म्हणजे गण झाले की. भ, ज, स. संपलं."

यमाताराजभानसलगा, गण लक्षात ठेवायचं शाळेतलं सूत्र; त्यातली ओळीनं तीन अक्षरं घेतली की एक गण. भानस हा भ गण: पहिलं गुरू, मग दोन लघु. जभान, मधलं गुरू. सलगा, शेवटचं गुरू. ग्रीक आघाताचे तिन्ही साचे मराठी शाळेच्या व्याकरणात तयार पडलेले होते. (अरिस्तोफानीसच्या ग्रीसमध्येही – U U या तुकड्याला 'बोट' या अर्थाचं दाऽक्तिलोस हे नाव होतं, एक लांब पेर आणि दोन आखूड. ते आघाताचं नव्हे, आपल्यासारखंच लांब-आखूड अक्षरांचं गणित. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "बघ, ते पण मास्तरच.")

त्या रात्री तिनं वही नव्यानं मांडली. तीन रकाने, डोक्यावर भ, ज, स. भच्या खाली थाऽलासा म्हणजे समुद्र, ओऽनोमा म्हणजे नाव, साखरेचं झाऽखारि, आणि खुद्द लाऽरिसा. जच्या खाली एलाऽदा म्हणजे ग्रीस, इन्दीऽआ, कोरीऽत्सि, आणि मिरीचं पिपेऽरि, जे मुळात आपल्याच पिप्पलीचं पोर आहे. सच्या खाली पाराकालोऽ, म्हणजे कृपया, आणि एकदाचं एफ्खारिस्तोऽ, शेवटची तीन अक्षरं खारिस्तोऽ. दोन अक्षरी शब्द समासात, गल आणि लग करून.

नात्यांचे शब्द तिनं वेगळ्या पानावर काढले, आणि ते पान मला अजूनही आवडतं. इंग्रजीत विहिणीला धड शब्द नाही. ग्रीकमध्ये आहे, अगदी आपल्या अर्थाचा. सासू पेथेराऽ, सासरा पेथेरोऽस, दोन्ही स गण. पण विहीण सिंबेथेऽरा, शेवटची तीन अक्षरं ज. आणि व्याही सिंबेऽथेरोस, तो भ. एका घरातली चार माणसं, तीन गण. जावई आणि नवरदेव दोघांना एकच शब्द, गांब्रोऽस. सून आणि नवरी दोघींना नीऽफि. मावशीला हे एकदम पटलं. "आपल्याकडेही जावई शेवटपर्यंत नवरदेवच असतो."

गणांचा खरा फायदा क्रियापदांत झाला. मी स्वयंपाक करते: मायिरेऽवो, ज. केला: मायीऽरेप्सा, भ. खाल्लं: एऽफागा, भ. आनंद झाला, जे पहिल्या भेटीत म्हणतात ते खाऽरिकासुद्धा भ. असा साधा भूतकाळ आघाताला मागे, शेवटून तिसऱ्या अक्षरावर नेतो. "भूतकाळाचा भ," मावशीनं लगेच सूत्र केलं. ते शंभर टक्के खरं नाही, प्यायले हे ईऽप्या दोनच अक्षरांचं, पण तिच्या कामाच्या शब्दांना पुरलं. मी अपवाद सांगितले नाहीत. बहुधा तिसऱ्या आठवड्यातला माझा सगळ्यात शहाणा निर्णय तोच.

एका ठिकाणी मात्र गण फसले. 'माझा फोन' म्हणजे तिलेऽफोनोऽ मू. 'मू', म्हणजे माझा, मागे चिकटला की मूळ आघात शेवटच्या तिनांच्या बाहेर पडतो, म्हणून ग्रीक माणूस आणखी एक आघात टाकतो. एका शब्दाला दोन गुरू. मावशीनं ते पाठ केलं, पण त्या शब्दाकडे शेवटपर्यंत संशयानंच पाहिलं.

दुसरं फसणं माझ्या लक्षात उशिरा आलं आणि ते गंभीर होतं. लघु म्हटलं की मराठी तोंडात 'आ'चा 'अ' होतो. थाऽलासा नीट भ गणात म्हणता म्हणता 'थाऽलस' झाला, काऽनेते, म्हणजे 'कशा आहात' मधला शब्द, ठीक, पण एलाऽदाचा 'एलाऽद'. प्रमाण ग्रीकमध्ये आघात नसलेला आ आखूड होतो, पण आच राहतो; आपला 'अ' हा स्वर त्यांच्याकडे नाहीच. तीन दिवस आम्ही फक्त तोंड उघडं ठेवण्यावर काढले. "वेळ लघुची, तोंड गुरूचं," असं सांगितलं तेव्हा कुठे जमलं. जोडाक्षराचा नियम रद्द, अंत्य दीर्घाचा नियम रद्द, हे तिनं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, खाली तारीख घालून. सरकारी आदेश असावा तसं.

आकडे शिकताना एक मजा झाली. पाच पेऽन्दे, दहा देऽका, पण सात एप्ताऽ आणि आठ ओक्तोऽ. मावशीच्या शेजारी वेदपाठी गुरुजी राहतात. त्यांच्याकडून तिनं खात्री करून घेतली: वेदातले उदात्त, म्हणजे उंच म्हटले जाणारे स्वर, पञ्च आणि दश यांत पहिल्या अक्षरावर, सप्त आणि अष्टौ यांत शेवटच्या. आघात त्याच जागी. योगायोग नव्हे, दोन्ही भाषांनी एकाच जुन्या घरातून तो नेलेला आहे; वेदात तो स्वराच्या उंचीचा, जुन्या ग्रीकमध्येही तसाच, आजच्या ग्रीकमध्ये जोराचा. मराठीनं वाटेत टाकून दिला. त्या दिवसापासून आकडे चुकले नाहीत.

चौथ्या आठवड्यात मी तिला बोलायला लावण्याऐवजी ऐकायला लावलं, आणि त्याचं कारण लारिसा. थेसलीतली जुनी बोली उत्तरेकडच्या ग्रीकची आहे. तिथे आघात नसलेले इ आणि उ चक्क गिळतात, आघात नसलेला ए 'इ'कडे झुकतो आणि ओ 'उ'कडे. घर म्हणजे स्पीऽति, त्याचं 'स्पीऽत'. कोरीऽत्सिचं 'कुरीऽत्स'. मूल पेदीऽ, त्याचं 'पिदीऽ'. मुलगा म्हणाला, आई शहरात राहते, नीटच बोलते, पण खुशीत आली की गावचं बोलते. मग मी मावशीला शब्द अर्धे तोडून ऐकवू लागले, फक्त आघाताचं अक्षर धरून. 'रीऽत्स' म्हटलं की तिनं 'मुलगी' म्हणायचं. तिला हा खेळ वाटला. मला धास्ती होती की पहिल्याच मिनिटाला ती गोंधळेल.

रविवार. ग्रीसमध्ये संध्याकाळचे सहा, नाशिकला साडेआठ. दुपारी तीन ते पाच तिकडे कुणी कुणाला फोन करत नाही, ती वामकुक्षीची वेळ, म्हणून ही वेळ धरलेली. मी नाशिकला गेले होते, पण कॅमेऱ्याबाहेर बसायचं असा हुकूम.

पडद्यावर निळ्या स्वेटरमधल्या बाई आल्या. "या सास, सिंबेथेऽरा! ति काऽनेते?" मावशीनं एक श्वास घेतला. "कालाऽ, एफ्खारिस्तोऽ. एसीऽस?" बरी आहे, आभारी, तुम्ही? स्तोऽ जागेवर पडला. बाईंचा चेहरा उजळला आणि व्हायचं तेच झालं: त्यांना वाटलं हिला सगळं येतं. त्या सुटल्या. मला दोन वर्षांच्या सवयीनं निम्मं कळलं. मावशी स्तब्ध. मग एकाएकी मान हलवून म्हणाली, "ने, ने, तो कोरीऽत्सि!" हो, हो, आपली मुलगी. बाई 'कुरीऽत्स'च म्हणाल्या होत्या, आजूबाजूचं सगळं गिळून. आघात नसलेलं जे काही होतं ते हवेत विरलं होतं, उरलं होतं तेवढंच मावशीच्या कानाला माहीत होतं. 'स्पीऽत'ही पकडलं. त्यापुढचं एक लांबलचक वाक्य दोघींच्या हसण्यात गेलं. ते नव्या फ्रिजबद्दल होतं असं नंतर कळलं.

आम्ही आघात बोलण्यासाठी घोकत होतो. तो सगळ्यात जास्त कामी आला ऐकण्यात. हे मला आधी कळलं असतं तर चौथा आठवडा मी दुसरा केला असता.

चूक झाली ती सातव्या-आठव्या मिनिटाला. मावशीला विचारायचं होतं, तुम्ही भारतात कधी येणार? वाक्य शंभर वेळा घोकलेलं: पोऽते था एऽर्थेते स्तिन इन्दीऽआ? उत्साहात ती पुढे वाकली आणि म्हणाली, "पोतेऽ था एऽर्थेते?" पोऽते म्हणजे कधी. पोतेऽ म्हणजे कधीच नाही.

बाई क्षणभर थांबल्या. "पोतेऽ?" भुवया वर. मग कळलं, आणि त्या इतक्या हसल्या की फोन हलला. "पोऽते! पोऽते!" मावशीनं कपाळाला हात लावला, "पोऽते, पोऽते," आणि दोघींनी ते चार-पाचदा एकमेकींना म्हणून दाखवलं. उत्तर आलं: ता ख्रिस्तूऽयेना, नाताळात.

ही चूक वहीतल्या तिन्ही प्रकारांत बसत नाही. मी नंतर ध्वनिफीत पुन्हा ऐकली. मावशी मराठीतला 'कधी' म्हणत होती. आपण अगत्यानं विचारतो तेव्हा "कधीऽ येणार?" म्हणतो, 'धी' ओढून. तोंडात ग्रीक शब्द होता, चाल मराठी 'कधी'ची. एकेकटा शब्द आम्ही घोटला होता. प्रश्न विचारताना मनात जी ओढ येते ती घोटली नव्हती. गंमत अशी की मराठीतही 'कधी' आणि 'कधीच' एवढंच अंतर आहे, आपण त्यासाठी एक 'च' खर्च करतो, ते आघात सरकवतात. पुढच्या वेळी पोऽते, पूऽ (कुठे) आणि पोऽस (कसं) हे वाक्यात, घाईत, हसत, भांडत म्हणून घ्यायचे असं मी टिपून ठेवलं आहे.

दहा मिनिटं म्हणून ठरलेलं बोलणं सतरा मिनिटं चाललं. शेवटच्या चारात मावसबहिणीनं आइंडहोव्हनहून जोडून घेऊन तारखा वगैरे पक्क्या केल्या. मावशीच्या 'आ'चे 'अ' दोनदा झाले, तिलेऽफोनोऽ मूमधला दुसरा गुरू तिनं टाकलाच नाही, आणि 'भूतकाळाचा भ' मात्र तिन्ही वेळा बरोबर पडला: पुरणपोळी केली, खाल्ली, आनंद झाला.

फोन ठेवण्याआधी बाईंनी विचारलं, सिंबेथेऽराला मराठीत काय म्हणतात? मावशीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वीऽहिन." मावशीनं मास्तरणीच्या आवाजात दुरुस्त केलं, "विहीऽण." दुसऱ्या प्रयत्नात 'ही' लांबली. ण काही त्यांच्याच्यानं होईना, ग्रीकमध्ये तो नाही. पुढचा फोन येत्या रविवारी आहे, आणि मावशीनं त्यांना अभ्यास म्हणून 'पाणी' दिलं आहे.